भोंग्याचं कॅबिनेट

हवा दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं तिचं काम सोपं आहे. मी चौतीस वर्षं डक्टिंग केलं. मोठ्या इमारतींच्या छतामागून पत्र्याचे चौकोनी बोगदे जातात, ज्यांतून थंड हवा खोल्याखोल्यांत पोचते, ते बनवणारा मी. दोन हॉस्पिटलं, एक कोर्ट, सात थिएटरं, आणि ऑफिसं किती ते मोजलेलं नाही. यांतल्या एकाही ठिकाणी मान वर करून ‘वा, काय डक्ट आहे!’ असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. लोक थिएटरात तीन तास बसतात, त्यांना उकडत नाही आणि डोक्यावर काही वाजत नाही, हीच माझी टाळी. मी फुशारकी मारतोय असं वाटत असेल तर वाटू दे. मारतोयच.

हे आधी सांगायचं कारण असं, की पुढे मी जो गाढवपणा केला तो अडाणी माणसाचा नव्हता. तो जाणकार माणसाचा होता. आणि जाणकार माणूस गाढवपणा करतो तेव्हा तोही पक्का करतो, रिव्हेट मारून.

माझ्या मुलीला आम्ही भोंगा म्हणतो. तीन वर्षांची असताना ती रडायला लागली की खालच्या मजल्यावरचे लोक काय झालं बघायला वर यायचे. नाव तेव्हा पडलं ते चिकटलंच. आता ती एकोणतीसची आहे. कॉलेजात तिच्या बाकावर एक मैत्रीण बसायची, तिला दिसत नव्हतं. परीक्षेच्या आधी भोंगा तिला सगळी पुस्तकं वाचून दाखवायची. मैत्रीण पहिल्या वर्गात आली, आमची कशीबशी सुटली. पण तेव्हापासून हेच काम करायचं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. मधली पाच वर्षं तिने एका दवाखान्याच्या काउंटरवर पेशंटचे नंबर पुकारत काढली, आणि या वर्षी अर्ज केला.

दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची पुस्तकं आवाजात भरून देणारी एक लायब्ररी आहे. तिथे वाचक म्हणून नेमणूक झाली की काम कायमचं, आणि घरी बसून करायचं. नेमणुकीसाठी नमुन्याचा एक धडा वाचून पाठवायचा. तीनदा पाठवता येतो. तिसऱ्यांदाही परत आला की नावावर काट, पुन्हा अर्ज नाही.

पहिला धडा आठ दिवसांत परत आला. सोबत चार ओळी होत्या. ‘वाचन उत्तम. मागे सतत घरघर आहे. मुलं हे तासन्‌तास कानाला लावून ऐकतात. चालणार नाही.’ लिहिणारे तिथले तपासनीस. त्यांना स्वतःला दिसत नाही, आणि वाचक मंडळी त्यांना नुसतं ‘कान’ म्हणतात.

घरघर कॉम्प्युटरची होती. म्हणजे त्या खोक्याची, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात आणि भोंगा मला दर वेळी सुधारते, “बाबा, सीपीयू म्हणजे आतली चिप. खोकं म्हणजे कॅबिनेट.” तिचं कॅबिनेट दहा वर्षांचं, बिस्किटांच्या डब्याइतक्या पातळ पत्र्याचं, मागे तळहाताएवढा एक पंखा. त्यात ती वाचायला बसली की खिडकी बंद, दार बंद, छताचा पंखा बंद. बाहेर तिच्या आईचं शिवणयंत्र बंद, कुकर बंद, माझा खोकला बंद. खोली तापायची, खोकं तापायचं, आणि तो एवढासा पंखा जीव खाऊन ओरडायचा. खोकं बाहेरच्या खोलीत ठेवून लांब वायरी ओढून पाहिल्या, तर स्क्रीन मधेच काळी पडायची.

“नवीन कॅबिनेट बघावं लागेल,” ती जेवताना म्हणाली.

“नवीन कशाला? मी आहे ना घरात.”

“बाबा, तुम्ही हात लावू नका हं त्याला.”

चौतीस वर्षं पत्र्याचं काम केलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवायचं नसतं. मी भातावर आणखी आमटी घेतली. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं, पण तिने मला अडवलं नाही, म्हणून तिचाही यात थोडा वाटा आहे असं मी अजून म्हणतो.

रविवारी भोंगा मैत्रिणीकडे गेली आणि मी खोकं उघडलं. आत बघवेना. बाजूला भोकं, वर भोकं, मागे रिकाम्या चिरा. आमच्या धंद्यात फट म्हणजे अब्रूचा प्रश्न. काम संपल्यावर इंजिनियर डक्टमध्ये धूर सोडतो आणि जिथून धूर निघेल तिथे सगळ्यांच्या देखत खडूने फुली मारतो. माझ्या कामावर शेवटची फुली पडली त्याला सव्वीस वर्षं झाली. भोक दिसलं की माझा हात मला न विचारता टेपच्या गुंडाळीकडे जातो.

तेच झालं. थिएटरच्या डक्टला आतून लावतात तो काळा फोम माझ्याकडे उरलेला होता. तो चारही बाजूंनी लावला. पुढच्या प्लॅस्टिकच्या जागी जाड पत्र्याचं तोंड बसवलं, कडा दुमडून, कुठे बोट कापणार नाही असं. सगळी भोकं चंदेरी टेपने बुजवली, वर अंगठा फिरवून सुरकुती काढली. हवेसाठी खाली दोन बोटांची फट ठेवली आणि ती पुरे असं स्वतःला सांगितलं. बटण दाबलं तर काही ऐकूच येईना. चालू झालंय की नाही हे कळायला मला दिवा बघावा लागला.

भोंगा घरी आली, आधी रागावली, मग तिने खोक्याला कान लावला. “बाबा!” एवढंच म्हणाली आणि माझा हात धरून बसली. त्या दिवशी संध्याकाळी मी जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चाळीस मिनिटांचा धडा वाचला. मग पहिली दहा मिनिटं आम्ही तिघांनी बसून ऐकली. मागे काही म्हणजे काही नाही.

“पूर्ण ऐकून मग पाठवते,” ती म्हणाली.

“काय ऐकायचंय त्यात?” मी म्हणालो. “माझं काम आहे. पाठव.”

आणि तिने पाठवला.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. ‘पहिली वीस मिनिटं इतकी स्वच्छ की मी खूश झालो होतो. नंतर विमान उडायला लागतं. शेवटच्या पानावर ते धावपट्टी सोडतं. एक संधी उरली आहे. विचार करून पाठवा.’

तिने तो धडा शेवटपर्यंत लावला. आवाज इतका हळूहळू वाढत गेला होता की खोलीत बसलेल्या माणसाला तो जाणवलाच नसता. फोमने आवाज अडवला होता आणि हवाही. आतली उष्णता आतच फिरत राहिली आणि पंखा तिच्यामागे धावत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भोंगा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती खाली बसली आणि टेपची एकेक पट्टी सोलून काढायला लागली. माझी टेप सहज निघत नाही, त्यामुळे ते बराच वेळ चाललं.

“बाबा,” ती मान खाली घालूनच म्हणाली, “मी सहा वर्षांची असताना तुम्ही मला स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टसमोर उभं केलं होतंत. आठवतं?”

आठवत होतं. मी दारं-खिडक्या बंद केल्या होत्या आणि तिच्या हातात काडीला बांधलेला शिवणाचा दोरा दिला होता. पंखा गरागरा फिरत होता आणि दोरा नुसता लुळा पडला होता. मग मी खिडकी वीतभर उघडली. दोरा ताठ झाला, पंख्याकडे ओढला गेला, आणि ती अशी किंचाळली की खालचे वर आले.

“तेव्हा काय म्हणाला होतात?”

“आत घेतल्याशिवाय बाहेर काय टाकणार.”

“मग?”

मी तिने सोललेल्या टेपच्या पट्ट्या गोळा करायला लागलो.

“डक्टमधली हवा कुठेतरी पोचवायची असते, म्हणून वाटेत फट चालत नाही,” ती म्हणाली. “इथल्या हवेला कुठे पोचायचं नाहीये. तिने यायचं, आतली उष्णता उचलायची आणि निघून जायचं. तुम्ही तिला दारच ठेवलं नाहीत.”

मला राग आला. तिच्यावर नाही, ती बरोबर बोलत होती यावर. माझंच वाक्य माझ्या पोरीने तेवीस वर्षं जपून ठेवलं आणि ते मला परत केलं, आणि मी ते कुठे टाकून आलो होतो मला माहीत नाही. दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. बायको म्हणाली, “अहो, चूक तुमची, नोकरी तिची, आणि रुसलाय तुम्ही. कमाल आहे.”

तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा खांद्याला पिशवी लावून माझ्यासमोर उभी राहिली.

“चला.”

“कुठे?”

“कॅबिनेट घ्यायला. हवेचं मी बघते. पत्रा तुम्ही बघायचा.”

“हात लावू?”

“लावा. टेप मात्र घरी ठेवा.”

बायकोने टेपची गुंडाळी शिवणयंत्राच्या खणात टाकली, किल्ली फिरवली आणि ती ब्लाउजमध्ये खोचली.

कॉम्प्युटरचं दुकान म्हणजे मला मिठाईच्या कपाटासारखं वाटलं. सगळीकडे काच, आत निळे-गुलाबी दिवे. भोंगा त्यांच्यावरून न थांबता पुढे गेली. दुकानदार चष्मा वर करत आला.

“थंड राहणारं आणि शांत हवंय,” ती म्हणाली. “समोर माइक असणार आहे.”

“मग हे घ्या ताई. खास शांततेसाठीच आहे.” त्याने एक काळं, भरीव कॅबिनेट पुढे ओढलं. समोर जाड दार, आतून फोम. मी उचलून पाहिलं, चांगलंच वजनदार होतं. कडा सुबक, दार लावताना आवाज कसा, जड कपाटाचा. खरं सांगतो, मी एकटा असतो तर तेच घेऊन घरी आलो असतो.

“पंखे चालू करून दाखवाल का?” भोंगा म्हणाली. त्याने वायर जोडली. तिने पिशवीत हात घातला आणि पेन्सिल बाहेर काढली. पेन्सिलीच्या टोकाला वीतभर पांढरा दोरा बांधला होता, तिच्या आईच्या रिळाचा.

मी तिथेच उभा होतो, पण मला क्षणभर काही दिसेना. चौतीस वर्षं मी नव्या डक्टच्या प्रत्येक तोंडापुढे हाच दोरा धरला होता. कामावर मला लोक दोरेवाले म्हणून हसायचे, कारण त्यासाठी महागडी मशीनं आली होती. आणि आज माझी पोरगी भर दुकानात, लोक बघत असताना, तोच दोरा धरून उभी होती. मला लाजवायला नाही. तिला दुसरा उपाय सुचलाच नव्हता.

“हे काय ताई?” दुकानदार हसला.

“हवा बघतेय.”

भरीव दाराच्या कडेच्या चिरांपाशी दोरा जरासा हलला आणि परत लोंबायला लागला. तिने दार उघडून धरलं तर तो लगेच आत ओढला गेला.

“बघा,” ती म्हणाली, “दार लावलं की पंख्याला दम लागतो. दम लागला की तो जोरात फिरतो. फोम किती वेळ झाकणार?” हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती मोठ्या मनाची आहे, आईवर गेली आहे.

मग तिने समोर नुसती बारीक जाळी असलेली दोन कॅबिनेटं काढायला लावली. पंखे मोठे, ताटाएवढे नाही पण बशीहून मोठे. ते अगदी हळू करायला सांगितले. दोरा दोन्हीकडे तिरपा होऊन स्थिर राहिला.

“पण ताई, जाळीतून आवाज बाहेर येणार.”

“झाला तर येणार ना? मोठा पंखा हळू फिरतो. त्याला ओरडायचं कारणच उरत नाही.”

दुकानदाराने चष्मा खाली घेतला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो माझ्याकडे वळला. “काका, ताई कुठे शिकल्या हे?”

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत भोंगा म्हणाली, “घरीच. बाबांचं काम हवेचं आहे.”

त्या दोनांतलं कुठलं, हे मात्र मी ठरवलं. पहिल्याच्या बाजूच्या पत्र्यावर मी बोटाचं पेर वाजवलं तर तो टणण्‌ करून वाजत राहिला. “हा गातो,” मी म्हणालो. “हार्ड डिस्क फिरायला लागली की हा तिला साथ देईल.” दुसरं खालच्या फळीवरचं, धूळ बसलेलं, दिसायला अगदी सामान्य होतं. त्यावर पेर वाजवलं तर नुसता ठप्प आवाज आला आणि संपला. पत्रा जाड, कड दोनदा दुमडलेली. ज्याने कुणी तो दुमडला त्याला धंदा येत होता. मी खिशातल्या रुमालाने त्याच्यावरची धूळ पुसली.

“हेच?” तिने विचारलं.

“हेच,” मी म्हणालो.

घरी सगळं तिने जोडलं. वायरी पाठीमागच्या बाजूने बांधून घेतल्या, म्हणजे हवेच्या वाटेत काही येऊ नये. मला एकच काम मिळालं: हार्ड डिस्कच्या स्क्रूखाली आणि कॅबिनेटच्या पायांखाली रबर. मी डक्टच्या जोडांत घालतात त्या गॅस्केटच्या तुकड्यांतून आठ गोल चकत्या कापल्या, एकसारख्या. तिने त्या हातात घेऊन मोजल्या आणि म्हणाली, “छान झाल्यात.” मला हॉस्पिटलच्या उद्घाटनाला बोलावलं होतं तेव्हा इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग तिने दार-खिडकी लावून तासभर कॉम्प्युटरला मुद्दाम जड काम दिलं आणि दर पाच मिनिटांनी आकडे लिहिले. उष्णता थोडी चढली आणि तिथेच थांबली. पंखे जसे होते तसेच हळू फिरत राहिले. दोन दिवस तिने हेच केलं. मी ‘आता पुरे’ असं एकदाही म्हटलं नाही, याची नोंद व्हावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती वाचायला बसली. “मी बसू आत?” मी विचारलं. “हलणार नाही.”

तिने जरा विचार केला. “बसा. पण श्वास जपून घ्या.”

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. धडा सातवीच्या विज्ञानाचा, उष्णतेवरचा. ती वाचायला लागली. जिच्या आवाजाने जिना हादरायचा ती माझी पोर इतक्या शांत, सरळ आवाजात वाचत होती की समोर एकच मूल बसलंय आणि त्याला कळल्याशिवाय ही पुढे जाणार नाही असं वाटावं. खोलीत दुसरा आवाज नव्हता. टेबलाखाली ते नवं खोकं हळूहळू हवा घेत होतं आणि सोडत होतं. मग ते वाक्य आलं. ‘गरम झालेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा थंड हवा घेते.’ वाचताना तिने पानावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं, एवढंसं हसली, आणि पुढे गेली.

या वेळी तिने सगळी चाळीस मिनिटं हेडफोन लावून ऐकली आणि मगच धडा पाठवला.

चार दिवसांनी पत्र आलं नाही, फोन आला. लायब्ररीतून खुद्द ‘कान’ बोलत होते. भोंग्याने स्पीकर लावला. बायकोने शिवणयंत्र थांबवलं.

“मशीन कुठे गेलं तुमचं?” पलीकडून एक खणखणीत म्हातारा आवाज आला. “मी तीनदा ऐकलं. मागे काही नाही. कशावर वाचलंत?”

“त्याच कॉम्प्युटरवर सर. कॅबिनेट बदललं फक्त.”

“चांगलं निवडलंत. इथे आमच्या स्टुडिओत इतकी शांतता नाही.” ते पुढे म्हणाले, “पण बाविसाव्या मिनिटाला खोलीत दुसरं माणूस आहे. वयस्कर असावं. नाक ओढतं.”

भोंग्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“माझे बाबा आहेत सर. त्यांना सर्दी झाली होती.”

पोरीने माझी बाजू सावरली होती, पण मला ते सोसेना. मी टेबलापाशी गेलो. “साहेब, सर्दी नव्हती,” मी फोनच्या अगदी जवळ जाऊन म्हणालो. “मुलगी वाचत होती आणि मला फार अभिमान वाटत होता. त्याचा आवाज झाला. तिला काही म्हणू नका.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

“तेवढं एक वाक्य पुन्हा वाचून पाठवा,” ते म्हणाले. “नेमणुकीचं पत्र सोमवारी निघेल. आणि बाबांना सांगा, खुशाल अभिमान वाटू द्या. फक्त दाराबाहेर बसून.”

बायको रडली, भोंगा ओरडली, आणि खालचे वर आले.

त्यानंतरचे एकोणीस धडे मी तिच्या दाराबाहेर स्टूल टाकून ऐकले आहेत. टेपची गुंडाळी मला परत मिळाली आहे. दाराच्या खाली बोटभर फट आहे, तिच्यातून तिचा आवाज बाहेर येतो. ती मी बुजवलेली नाही.